वक्र कुठाय सर, ही तर सरळ रेघ आहे

तालुक्याच्या गावातल्या एका कला-वाणिज्य महाविद्यालयात मी गेली चोवीस वर्षं अर्थशास्त्र शिकवतो. त्यातली पहिली अकरा वर्षं ‘आमच्याकडे अंध-अपंग विद्यार्थी नाहीत’ असं मी बिनदिक्कत सांगायचो आणि अहवालातल्या त्या रकान्यात शून्य टाकून मोकळा व्हायचो. पुढे एकदा जुनी हजेरीपत्रकं चाळताना ध्यानात आलं, की नव्हते असं नव्हतं. जूनमध्ये प्रवेश घेऊन गणपतीपर्यंत गळालेली दोन नावं सापडली. त्यातला एक मुलगा पहिल्या बाकावर कान पुढे करून बसायचा, एवढं अंधूक आठवलं. तो का गेला, हे मी तेव्हा कुणाला विचारलंही नव्हतं.

मग २०१२ च्या जूनमध्ये एक मुलगी आली. जन्मापासून दिसत नव्हतं. दहावीपर्यंत अंधशाळेत शिकलेली. सोबत पांढरी काठी, भावाचा जुना लॅपटॉप आणि त्यात एनव्हीडीए नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. पडद्यावर असेल ते हे सॉफ्टवेअर बोलून दाखवतं. ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी २००६ साली ते लिहायला घेतलं, हे तिनेच मला सांगितलं. ती गळाली नाही. तीन वर्षं राहिली आणि तेवढ्या काळात तिने मला जमेल तितकं शिकवलं. पुढे लिहिलंय त्यातलं निम्मं तिचं, बाकीचं तिच्यामागून आलेल्या पोरांचं.

१. फाइल दिली म्हणजे वाचायला दिलं, असं होत नाही

माझ्या नोट्सचा मला अभिमान होता. चौदा प्रकरणं, एसटी स्टँडजवळच्या डीटीपीवाल्याकडून कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप करून घेतलेली, मुद्रितं स्वतः तपासलेली. ती पेन ड्राइव्हवर घालून मी तिच्या हातात दिली, वर ‘काही लागलं तर सांग’ असंही म्हणालो. दुसऱ्या दिवशी ती लॅपटॉप घेऊनच विभागात आली.

“सर, हे भलतंच काहीतरी बोलतंय.”

तिने बटण दाबलं. आतून आवाज आला: एच, के, के, जे, आर. मी पडद्यावर पाहिलं. तिथे स्वच्छ, सुबक ‘भारत’ लिहिलं होतं.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की आमचा फॉन्ट म्हणजे अक्षरांचा मुखवटा होता. आत ठेवलेली अक्षरं इंग्रजी, वरचं चित्र तेवढं मराठी. डोळे मुखवटा पाहतात, यंत्र आतला चेहरा वाचतं. युनिकोडमध्ये ‘भ’ आतूनही ‘भ’च असतो, म्हणून तो बोलला जातो. श्रीलिपी काय, कृतिदेव काय, पंचवीस-तीस वर्षं मराठीत जे काही छापलं गेलं, त्यातलं कितीतरी असं आतून मुकं आहे.

जुनं नव्यात बदलून देणारी सॉफ्टवेअर मिळाली. त्यांनी बदललं, पण रफार आणि पहिली वेलांटी यांची दाणादाण उडवली. ‘अर्थशास्त्र’ या शब्दाचं ‘अथर्शास्त्र’ झालं, चौदाच्या चौदा प्रकरणांत. ती पोरगी पुढे तीन वर्षं माझ्या विषयाला अथर्शास्त्रच म्हणायची. दिवाळीच्या सुटीत राष्ट्रीय सेवा योजनेची तीन मुलं बसवली आणि ओळ न् ओळ दुरुस्त केली.

त्या कामात एक मजेची गोष्ट कळली. जुन्या फॉन्टात ‘कि’ लिहायचा तर आधी वेलांटी टाइप करायची, मग क; कारण कागदावर ती आधी दिसते. युनिकोड मात्र क आधी ठेवतं, वेलांटी नंतर. आणि ब्रेलमध्येही तसंच: आधी क, मग इकार, जसं तोंडातून येतं तसं. म्हणजे संगणकाचं नवं शहाणपण त्या मुलीला पहिलीपासून बोटांत ठाऊक होतं.

२. फोटो म्हणजे मजकूर नव्हे

हे एका ओळीत सांगून संपायला हवं, पण संपत नाही. व्हॉट्सॲपच्या वर्गगटावर फळ्याचा फोटो टाकून ‘नोट्स पाठवल्या आहेत’ लिहिणं ही आमची सगळ्यांची सवय. तिच्या फोनने त्यावर ‘फोटो’ एवढाच शब्द उच्चारला. स्कॅन केलेल्या पीडीएफचंही तेच. ते पान नसतं, पानाचं छायाचित्र असतं.

चित्रातून अक्षरं काढणारी सोय आता मराठीलाही बऱ्यापैकी चालते. गूगल ड्राइव्हवर टाकून उघडलं तरी मजकूर हाती येतो. पण तपासल्याशिवाय तो द्यायचा नाही. शब्द चुकला तर विद्यार्थी संदर्भाने सावरून घेतो; ‘बाजर’ दिसलं तर ते बाजार असणार, हे कुणालाही कळतं. आकड्याला संदर्भ नसतो. १ चा ९ झाला आणि वाढीचा दर १.५ चा ९.५ झाला, तर ऐकणाऱ्याला संशय यायचं कारणच नाही. माझ्या एका विद्यार्थ्याने चाचणीत असला दर लिहिला होता आणि मी त्याचा अर्धा गुण कापला. आठवड्याने मूळ फाइल पाहिली, तेव्हा चूक माझी निघाली.

३. नुसती अक्षरं मोठी केली की शीर्षक होत नाही

आपण मथळा कसा करतो? अक्षरं मोठी, ठळक, मधोमध. त्यातही हौस म्हणून अक्षरांत जागा सोडून ‘प्र क र ण  प हि ले’. लॅपटॉप हे वाचतो ‘प्र’... ‘क’... ‘र’... ‘ण’, जणू मुलाला बाराखडी शिकवतोय.

वर्डमध्ये मथळ्यांच्या तयार शैली असतात. मथळा निवडून त्याला ती शैली लावली की यंत्राला कळतं, हा मथळा आहे. मग ऐकणारा एक कळ दाबत मथळ्यावरून मथळ्यावर उड्या मारतो. माझ्या फाइलीत तसं काही नसल्यामुळे ‘मक्तेदारी’ ऐकायची तर तिला दर वेळी ‘प्रस्तावना’पासून सुरुवात करावी लागे. आपण पुस्तक चाळतो, अंगठ्याने पानं सोडतो, खालून तिसरा परिच्छेद डोळ्यांनी हुडकतो. तिला मी चाळता न येणारं पुस्तक दिलं होतं. दुरुस्तीला प्रकरणामागे दहा मिनिटं लागली. ती दहा मिनिटं मी दीड वर्ष दिली नव्हती.

४. लोकर, सुतळी आणि शर्टाचं बटण

इथे मला जरा थांबायचंय.

अर्थशास्त्र हा विषय आकृत्यांवर उभा आहे. वर्गात मी म्हणालो, “किंमत वाढली की मागणी घटते, म्हणून मागणीचा वक्र असा डावीकडून उजवीकडे खाली येतो.” मागून तिचा आवाज आला, “असा म्हणजे कसा सर?”

घरी आलो. बायकोच्या स्वेटरची उरलेली लोकर होती. शर्टाच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला. दोन अक्षांना सुतळी, वक्राला लोकर, फेविकॉलने चिकटवून रात्रभर वाळवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यासमोर ठेवलं. तिने बोटं फिरवली, एकदा, दोनदा, आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“सर, वक्र कुठाय? ही तर सरळ रेघ आहे.”

अकरा वर्षं मी फळ्यावर सरळ रेघ ओढून तिला मागणीचा वक्र म्हणत आलो होतो. पुस्तकातही बहुतेक वेळा तशीच असते. दर वर्षी साठ-सत्तर डोळस मुलं ती पाहत होती, उतरवून घेत होती, पेपरात काढत होती. एकाने विचारलं नाही. जिला ती दिसत नव्हती, तिनेच पकडली.

मग सांगावं लागलं, की गणितात सरळ रेघ ही वक्राचाच एक प्रकार मानतात; मागणी खरोखर अशी सरळ असतेच असं नाही, सोयीसाठी आपण ती तशी धरतो. हे सगळं मी पहिल्या वर्षाला कधी शिकवत नसे. त्या दिवशी अख्ख्या वर्गाला शिकवलं.

पुढे लवचिकता आली. सरळ रेघेवर मागणीची लवचिकता सगळीकडे सारखी नसते. कोणताही बिंदू घ्या, त्याच्या खालच्या तुकड्याची लांबी भागिले वरच्या तुकड्याची लांबी, ती त्या बिंदूची लवचिकता. मधोमध एक, वर एकापेक्षा जास्त, खाली एकापेक्षा कमी. बाकीची मुलं हे सूत्र पाठ करत होती. ती लोकरीवर एक बोट ठेवून दुसऱ्या हाताच्या बोटांनी खालचा-वरचा भाग मोजत होती. “इथं जवळजवळ तीन येतंय सर.” बरोबर होतं. त्यानंतर मी तो पुठ्ठा सगळ्या वर्गात फिरवू लागलो.

चुकाही भरपूर झाल्या. पहिल्या उत्साहात मी मागणी, पुरवठा, सरकलेली मागणी आणि सरकलेला पुरवठा असं सगळं एकाच पुठ्ठ्यावर लोकरीने चिकटवलं. डोळ्याला रंग वेगळे दिसत होते, बोटाला नुसता गुंता लागत होता. मग ठरलं: एका पुठ्ठ्यावर एकच आकृती, आणि प्रत्येक रेषेचा स्पर्श निराळा. अक्षांना सुतळी, मागणीला लोकर, पुरवठ्याला पॉलिश पेपरची बारीक पट्टी, समतोल बिंदूला शर्टाचं बटण.

दुसरी चूक याहून गमतीची. शिंप्याकडे कापडावर खुणा उमटवायची दातेरी चकरी असते. कुणीतरी सुचवलं, जाड कागदावर ती फिरवली की पलीकडून ठिपक्यांची रेघ उठते, लोकरीची कटकट नको. मी झोकात दहा आकृत्या केल्या. तिने पहिलीच हाती घेतली आणि म्हणाली, “सर, किमतीचा अक्ष उजवीकडे कसा? आणि ही मागणी वर का चाललीय?” कागद पालटला की डावं उजवं होतं, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. माझ्या मागणीचा सरसकट पुरवठा झाला होता. ब्रेलची पाटी घेऊन हाताने टोचतानाही उजवीकडून डावीकडे टोचत जावं लागतं, म्हणजे कागद उलटला की डावीकडून वाचता येतं. ती हे सहा वर्षांची असल्यापासून करत आली होती. मला शिकायला वयाची चाळिशी उलटली.

आणि जिथे पुठ्ठा पोचत नाही, तिथे शब्द. आकृतीचं वर्णन लिहायचं म्हणजे ‘सोबत आलेख दिला आहे’ असं लिहायचं नाही. आडव्या अक्षावर काय, उभ्यावर काय, रेघ कुठून निघते, कुठे वळते, आणि या सगळ्यातून सांगायचं काय आहे, हे लिहायचं. ते लिहायला बसलो तेव्हा माझ्या नोट्समधल्या चार-पाच आकृत्यांतून काय सांगायचंय, हे मलाच सांगता येईना. त्या काढून टाकल्या.

५. ‘हे’, ‘इथे’, ‘असं’

वर्गात माझं बोलणं एकदा ध्वनिमुद्रित करून घरी ऐकलं. “हे इथून इथपर्यंत आलं, म्हणजे यातून हे वजा केलं, की हे उरलं.” पन्नास मिनिटांत अशी वाक्यं मी मोजायची सोडून दिली. फळ्यावर लिहीन ते तोंडाने म्हणायचं, एवढा एकच नियम घालून घेतला. मोडतो अधूनमधून. मागून कुणीतरी “काय, कुठून, कुठपर्यंत?” असं ओरडतं, आता डोळस मुलंसुद्धा.

६. वाचून दाखवणाऱ्यांचे उपकार आणि उपद्व्याप

सगळी पुस्तकं काही टाइप होत नाहीत, तेव्हा माणसाच्या आवाजात ध्वनिमुद्रण. सेवा योजनेची मुलं उत्साहाने पुढे येतात. आम्ही पुस्तक वाटून दिलं, प्रत्येकाने आपापल्या घरी फोनवर वाचायचं. महिन्याने जे हाती आलं त्यात एका प्रकरणात कुकरच्या शिट्ट्या होत्या, एकात शेजारची लग्नाची वरात. कोष्टक आलं की वाचणारा “इथे टेबल आहे” म्हणून पुढे जायचा. तळटीप कुणीच वाचली नव्हती. एकाने कंटाळून दोन पानं गाळली होती आणि आवाजातला आनंद लपवला नव्हता.

तरीही ती म्हणायची, “असू दे सर. तिसऱ्या शिट्टीनंतर सीमांत उपयोगिता, असं माझ्या लक्षात राहतं.”

यंत्राचा आवाज याच्या नेमका उलट. तो काही गाळत नाही, पण त्याला काही कळतही नाही. मराठीतल्या ‘च’, ‘ज’, ‘झ’ यांचे दोन-दोन उच्चार लिहिताना एकाच अक्षरात असतात. ‘जरा थांब’मधला जरा आणि म्हातारपण या अर्थाची जरा यांत यंत्र भेद करील याचा भरवसा नाही. फोनमध्ये हिंदी आवाज लावलेला असला तर ‘ज्ञान’चं ‘ग्यान’ होतं. पण ऐकणाऱ्या मुलांचे कान इतके तयार असतात, की ती हा आवाज अशा वेगाने ऐकतात की माझ्या कानाला नुसती घरघर येते. पोरीने एकदा मला वेग कमी करून ऐकवलं, आणि वर म्हणाली, “आता तुमच्यासाठी बैलगाडी.”

७. ग्रंथपालांची भीती आणि कायदा

पुस्तक स्कॅन करायला ग्रंथालयात गेलो तर ग्रंथपाल म्हणाले, “सर, कॉपीराइटची भानगड होईल. आधी प्रकाशकाचं पत्र आणा.” प्रकाशकाने दोन महिने उत्तर दिलं नाही. मग आलं ते असं, की फाइल आहे, पण जुन्या फॉन्टात आहे.

हे पत्र मागायची गरजच नव्हती. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. अपंगत्वामुळे नेहमीचं छापील पुस्तक ज्याला वापरता येत नाही, त्याच्यासाठी ते वापरता येईल अशा रूपात करून देणं, तेही नफा न घेता आणि बाजारात न जाऊ देता, हा भंग ठरत नाही. त्याला परवानगी लागत नाही. पुढच्या वर्षी, २०१३ च्या जूनमध्ये, मोरोक्कोतल्या माराकेश शहरात याच विषयावर आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा पहिला देश होता भारत. वाचून मला खरं वाटेना. मी दोन्हींच्या प्रती काढल्या आणि ग्रंथपालांना दिल्या. त्यांनी त्या फाइल करून ठेवल्या, आणि स्कॅनर दिला. वर स्वतः होऊन शोध घेतला आणि २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाइन ग्रंथालयात मुलांची नावं नोंदवून दिली. माणूस कायद्याला भीत असेल, तर त्याला कायदाच नेऊन द्यावा.

त्या करारात आणखी एक गोष्ट होती, जी माझ्या डोक्यात नव्हती. तो फक्त अंधांसाठी नाही. ज्याला पुस्तक हातात धरता येत नाही, पान उलटता येत नाही, तोही त्यात येतो. आमच्याकडे सेरेब्रल पाल्सी असलेला एक मुलगा होता. दृष्टी उत्तम, बुद्धी तल्लख. पण साडेचारशे पानांचं स्थूल अर्थशास्त्राचं पुस्तक त्याच्या हातात टिकत नसे. आई शेजारी बसून पानं उलटायची. अंध मुलीसाठी केलेली फाइल त्याला दिली. आईला पहिल्यांदाच त्याला अभ्यासाला बसवून देवळात जाऊन येता आलं, असं तिनेच सांगितलं.

८. विचारायचं. गृहीत धरायचं नाही.

दुसरा अंध मुलगा आला तेव्हा मी अगदी तयारीत होतो. त्याच्यासाठी ब्रेलमध्ये दोन प्रकरणं छापून आणली. एका छापील पानाची ब्रेलमध्ये दोनाहून जास्त पानं होतात, तेव्हा हे चांगलंच जाडजूड बाड झालं. त्याने ते आदराने हातात घेतलं आणि म्हणाला, “सर, मला ब्रेल येत नाही. माझी नजर अकरावीत गेली.”

उलट पहिल्या मुलीचा जीव ब्रेलमध्ये. २००८ मध्ये स्वागत थोरात यांनी सुरू केलेलं ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक ती वाचायची. तिचं म्हणणं, ऐकून विषय कळतो, पण शुद्धलेखन बोटांनीच कळतं. तिच्या पेपरातले ऱ्हस्व-दीर्घ माझ्यापेक्षा बरे असायचे.

अल्पदृष्टी असलेल्यांचं तर प्रत्येकाचं निराळं. एकीला मोठी अक्षरं हवी होती, म्हणून मी ए-थ्री कागदावर झेरॉक्स काढून दिल्या. तेवढा कागद बाकावर मावेना आणि डोळ्याजवळ धरला की शेजारणीच्या तोंडावर जायचा. तिला काय हवं होतं? वीस पॉइंटची अक्षरं, साध्या आकाराचा कागद, चकाकी नसलेला. दुसऱ्या एकाला काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं लागायची आणि आकार नेहमीचाच चालायचा. लेखी अक्षरांशी झगडणारा, डिस्लेक्सियाचा एक विद्यार्थी तर दोन वर्षं माझ्यासमोर ‘आळशी’ म्हणून बसला होता. अंध मुलीची बोलकी फाइल त्याने मित्राकडून मागून घेतली, ओळीवर डोळा ठेवून ती ऐकली, आणि मग मला सांगायचं धाडस केलं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये अपंगत्वाचे एकवीस प्रकार मोजले आहेत. आम्हाला शिक्षकांना तीनच दिसतात.

‘दिव्यांग’ हा शब्द नवा नवा आला तेव्हा एका सभेत आम्ही प्राध्यापक तो वापरायचा की नाही यावर तासभर बोललो. मी उत्साहाने पहिल्या मुलीला फोन करून तिचं मत विचारलं. ती तेव्हा बँकेत लागली होती. म्हणाली, “काहीही म्हणा सर. फाइल तेवढी उघडेल अशी द्या.”

९. माझ्या मिश्या

कर्णबधिर मुलगा आला २०१८ मध्ये. श्रवणयंत्र होतं, पण त्याची खरी भिस्त ओठ वाचण्यावर. मी फळ्याकडे तोंड करून बोलतो, हे एक. दुसरं त्याच्या बहिणीने सांगितलं, फार संकोचून: “सर, दादाला तुमचे ओठ दिसत नाहीत. मिश्या मध्ये येतात.” एकोणीस वर्षांच्या मिश्या. कातरल्या. स्टाफरूममध्ये आठवडाभर चर्चेला दुसरा विषय नव्हता.

त्याच्यासाठी नोट्स लिहिताना मला माझ्या मराठीचं खरं रूप दिसलं. तो लहानपणापासून खुणांच्या भाषेत वाढलेला. मराठी त्याने दुसरी भाषा म्हणून, बहुतेक लिखितातूनच शिकली होती. आणि मी लिहिलं होतं, ‘ज्याअर्थी सीमांत खर्च हा सीमांत प्राप्तीहून अधिक होत जातो त्याअर्थी उत्पादनसंस्थेकडून उत्पादनात घट केली जाणे अपरिहार्य ठरते.’ त्याने अधोरेखन करून समोर प्रश्नचिन्ह काढलं. मी बदललं: ‘शेवटचा नग बनवायला येणारा खर्च त्या नगापासून मिळणाऱ्या पैशापेक्षा जास्त असेल, तर कारखानदार उत्पादन कमी करतो.’ ही नवी आवृत्ती वर्गातल्या सगळ्यांनी झेरॉक्स करून घेतली आणि जुनी कुणी मागितली नाही. थोडं लागलं मनाला.

करोनाच्या काळात व्हिडिओ करावे लागले, तेव्हा खाली मजकूर मी स्वतः टाइप केला. बारा मिनिटांच्या व्हिडिओला दीड तास. काही खुणा त्याने आणि बहिणीने मिळून ठरवल्या होत्या. लवचिकतेची खूण म्हणजे दोन्ही हातांत रबर ताणल्यासारखं करायचं. मी अजून ती वर्गात करतो, कारण नसताना.

१०. परीक्षेच्या दालनात सगळं पुन्हा शून्यावर

वर्षभर लॅपटॉपवर ऐकून शिकलेली मुलगी परीक्षेत लेखनिकाच्या तोंडून प्रश्न ऐकते. लेखनिक बारावीचा, त्याला ‘समवृत्ती वक्र’ धड वाचता येत नाही. ‘खालील आकृतीचे निरीक्षण करा’ या प्रश्नावर तो म्हणतो, “आकृती आहे, दोन रेघा आहेत.” संपलं. जोड्या लावा हा प्रश्न तर ऐकून करून बघा एकदा. उजवा रकाना येईपर्यंत डावा विसरतो.

जादा वेळेचा नियम आहे, तासाला किमान वीस मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. केंद्राच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत तो आला. तरी दर वेळी एखादा नवा पर्यवेक्षक तीन तास झाले की पेपर ओढायला येतोच, म्हणून सूचनांची प्रत मुलांच्या खिशात ठेवायला सांगतो. हात थरथरणाऱ्या एका मुलाकडे चाळीस टक्के अपंगत्वाचा दाखला नव्हता म्हणून लेखनिक नाकारला होता. २०२१ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार यांच्या खटल्यात निकाल दिला, की लेखनिक मिळायला चाळीस टक्के ही अट लावता येणार नाही. त्या मुलाची शेवटची परीक्षा तोवर होऊन गेली होती.

मला जमलं ते एवढंच: अंतर्गत परीक्षेचा माझा पेपर मी युनिकोड फाइलमध्येही काढतो आणि आकृतीच्या प्रश्नाला पर्याय देतो. विद्यापीठाच्या पेपरावर माझी सत्ता नाही. पत्रं लिहितो.

११. जूनमध्ये

नोव्हेंबरात परीक्षा आणि ऑक्टोबरात फाइल, याला काही अर्थ नाही. पहिल्या वर्षी मी हेच केलं. प्रत्येक प्रकरण वर्गात शिकवून झाल्यावर ‘तिच्यासाठी करून देतो’ म्हणायचो; वर्ग पुढे, ती कायम दोन प्रकरणं मागे. आता मे महिन्यात बसतो. कोण येणार हे माहीत नसतं. तरी सगळ्या फाइली युनिकोडमध्ये, मथळ्यांसकट, आकृत्यांच्या वर्णनांसकट तयार असतात, आणि कपाटावर पुठ्ठ्यांची चळत.

यंदा जूनमध्ये एक मुलगी आली. हातात काठी पाहिली, आणि मी लगेच चळत उतरवली. धूळ झटकली. पहिल्याच पुठ्ठ्यावरची मागणी सुटून लोंबत होती, समतोलाचं बटण कधीतरी पडलं होतं. तिला म्हणालो, “हे दुरुस्त करून उद्या देतो.” तिने पुठ्ठा डोळ्यांपासून चार बोटांवर धरला, तिरका केला, खिडकीकडे वळवला.

“सर, लोकर नको. मला जवळून दिसतं थोडं. पांढऱ्या कागदावर जाड काळ्या मार्करने काढाल का? आणि दोन रेघा एकमेकींना जिथं कापतात तिथं लाल नको, मला लाल काळाच दिसतो.”

“मग कोणता?”

तिने जरा विचार केला. “पिवळा बघू या.”

चार वाजता तास सुटला आणि मी स्टेशनरीच्या दुकानात गेलो. पिवळा मार्कर पांढऱ्या कागदावर मलाच दिसेना. दुकानदाराने हिरवा, निळा, नारिंगी असे तीन काढून दिले, आणि मी तिला फोन लावला.